उजवा कौल

हैबतरावांचं म्हणणं अगदी साधं होतं. घरच पाडलं तर भाडेकरू राहणार कुठे?

धाकट्या भावाच्या, म्हणजे दिनानाथच्या, लघवीच्या पिशवीत कॅन्सर निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी सव्वादोन वर्षांपूर्वी ती पिशवीच काढून टाकली, आतड्याच्या तुकड्यातून लघवीला पोटावर नवी वाट करून दिली, त्या वाटेच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी चिकटवली आणि माणूस रोह्याला परत पाठवला. आता ज्या जागेत रोग राहत होता ती जागाच या जगात उरली नाही, मग तो परत येणार कुठे? ओटीवर बसून सुपारी कातरत हैबतरावांनी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा घरातल्या एकालाही त्यात खोट दिसली नाही. दर सहा महिन्यांनी सीटी स्कॅन करा, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. दोनदा केला. दोन्ही वेळा स्वच्छ आला. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, की रिकाम्या घराची झडती घ्यायला दर वेळी मुंबई कशाला गाठायची? या घराण्यात एकमत होण्याची ही तिसरी वेळ. पहिल्या दोन एकमतांनी काय दिवे लावले ते न सांगितलेलंच बरं.

दिवाळीनंतर दिनानाथचा डावा पाय सुजायला लागला. घरात डॉक्टरांना तोटा नव्हता. हैबतराव म्हणाले, चप्पल लागली असेल. त्यांची बायको चंद्रावती म्हणाली, वाल वातूळच, आणि हा तर वाटीवर वाटी ओढतो. मधली बहीण गोदूबाई पेणच्या खाडीकडे मिठागरवाल्यांच्या घरात दिलेली. तिनं फोनवरूनच औषध सांगितलं, मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडव. तिच्या घरी मीठ उदंड होतं, त्यामुळे तिची सगळी औषधं मिठाचीच असत. दिनानाथ स्वतः म्हणाला, बासष्ट झाली, पाय सुजायचाच. शेवटी त्याची मुलगी मालू, जी रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या मेडिकल दुकानात दिवसभर लोकांना गोळ्या मोजून देते, तिनं कुणाला न विचारता बापाला गाडीत घातलं आणि स्कॅन करून आणला.

मुंबईचे डॉक्टर भले माणूस. त्यांनी आवाज चढवला नाही. "पिशवी काढली हो," ते म्हणाले, "पण ती जिथे होती ती जागा कशी काढणार? तिथेच परत आलंय. ओटीपोटात, हाडाच्या भिंतीला लागून."

"परत ऑपरेशन?" शांतीनं विचारलं. दिनानाथची बायको ती. प्रश्न तिनंच विचारायचे आणि मान दिनानाथनं हलवायची, ही त्या दोघांची जुनी वाटणी होती.

"नाही. आता कापण्यासारखं नाही. पाच आठवडे लाईट, म्हणजे रेडिएशन द्यायचं, जोडीला इंजेक्शनं."

"बरं होईल?"

"ती खात्री मी देणार नाही, बाई. दुखणं कमी होईल. वेळ मिळेल. किती, ते माझ्या हातात नाही. पण येत्या सोमवारी सुरू करू. आधीच सात-आठ महिने गेलेत."

हे हैबतरावांना फोनवर कळलं. आपलं चुकलं असं म्हणण्यापेक्षा माणूस काहीही करायला तयार होतो. हैबतरावांनी देवीला मध्ये घातलं.

"काळकाईला इचारल्याबिगर कुठं जायचं नाय. रविवारी सगळ्यांनी इकडं या. गेल्या टायमाला पण तिनं उजवी दिली, तेव्हाच आपण कापू दिलं. व्हय का नाय?"

व्हय. तेव्हा देवीनं उजवी दिली होती. गागोद्याच्या अलीकडच्या, हैबतरावांच्या या गावात काळकाईचा कौल म्हणजे शेवटचं कोर्ट. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवतो, प्रश्न विचारतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही. या दोन पाकळ्यांवर गावात लग्नं ठरली आहेत, मोडली आहेत, विहिरी खणल्या गेल्या आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांना पाणीही लागलेलं आहे.

फक्त गेल्या वेळची उजवी देवीनं दिली नव्हती. ती शांतीनं दिली होती. आदल्या दिवशी ती पदराखाली एक कोंबडा घेऊन पुंडलिक गुरवाकडे गेली आणि म्हणाली, "पुंडलिकभाऊ, उद्या उजवी पडली पायजे." पुंडलिकनं उजव्या पाकळीला पाणी नावापुरतं लावलं. प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत ती खाली आली. देवीला एवढी घाई झालेली गावानं कधी पाहिली नव्हती. शांती काही नास्तिक नव्हती, मंगळवार धरायची, ओटी भरायची. तिचं एवढंच म्हणणं होतं, की देवी समजूतदार आहे, ती एका बाईमाणसावर उगाच डूख धरायची नाही. दिनानाथ मात्र थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर पाऊल टाकणारा माणूस नव्हता, आणि थोरला भाऊ देवीच्या. तेव्हा काम करायचं तर वरच्या साहेबालाच धरायला हवं होतं.

शनिवारी दुपारी मालूची गाडी अंगणात शिरली तेव्हा चंद्रावती पोपटीचं मडकं घासत होती. आता एका माणसाच्या जिवाचा निकाल लावायला सगळी जमणार हे खरं, पण जानेवारी महिना, वालाच्या शेंगा टचटचीत भरलेल्या, आणि नणंद, जाऊ, पुतणी अशी सगळी एका ठिकाणी पुन्हा कधी सापडायची? शेंगा, अंडी, कोंबडीचे तुकडे, वर भांबुर्डीचा पाला कोंबायचा आणि मडकं उलटं करून जाळात ठेवायचं. कौल घेऊन यायचं आणि खायला बसायचं. कौल कुठलाही लागो.

"आलास रं दिना? बस. पाय वर घे." चंद्रावतीनं लेंग्याची कड उचलून पाहिलं. "अगो बाय, ह्यो पाय हाय का केळीचा खुंट!"

"दुखत नाय वयनी," दिनानाथ म्हणाला. दुखत होता. पण दुखतो म्हटलं की चार बायका चार तेलं घेऊन येतात, हे तो शिकला होता. तो ओटीवर थोरल्या भावाशेजारी जाऊन बसला.

पडवीत शेंगा निवडायला चौघी बसल्या. गोदूबाई पेणहून एसटीनं आली होती, सोबत सुक्या कोळंबीची, सोड्यांची पुडी आणि तीन किलो मीठ.

"मी सांगते, ती लाईट काय चांगली नाय," गोदूबाई म्हणाली. "आमच्या शेजारचा रघू नाय का? त्येला घशाला दिली. आतनं करपला बिचारा."

"तो रघू अजून हाय ना, वन्सं?" शांतीनं मान वर न करता विचारलं.

"हाय तर. पण करपलेला."

"आत्या, किती वर्षं झाली त्याला?" मालूनं विचारलं.

"झाली असतील सात-आठ."

"मग बाबांना पण तसंच करपू दे. सात-आठ वर्षं."

"तुला काय गो, पुस्तकं वाचून बोलतेस," चंद्रावती म्हणाली. "ह्यांचं म्हणणं, एकदा कापलं तेवढं पुरे झालं. माणसानं आपलं घरच्या अंथरुणात..." आणि ती थांबली.

"घरच्या अंथरुणात काय, मोठ्या काकी?"

"काय नाय. शेंगा निवड."

शांतीच्या हातातली शेंग मोडली. इथं एकटी मालू आपल्या बाजूला, हे तिनं मोजून घेतलं. थोरला दीर, जाऊ, नणंद तिकडे. तेवढ्यात देवीनं नाही, पण मिठानं तिला हात दिला. गोदूबाईनं मडक्यात टाकायला आपल्या पिशवीतलं मीठ काढलं.

"तुमचं राहू द्या, वन्सं," चंद्रावती म्हणाली. "घरात हाय. तुमचं जाडं मीठ, शेंगांना नीट लागत नाय."

"लागत नाय?" गोदूबाईची मूठ तशीच राहिली. "ह्या घरात मी पंचवीस वर्षं मीठ आणून घालते, आन आज लागत नाय?"

"तसं नव्हं..."

"राहू द्या वयनी." गोदूबाईनं पिशवीचं तोंड आवळलं आणि बसल्या जागेवरून सरकून ती शांतीशेजारी आली. "शांते, तू ने गो माझ्या भावाला मुंबईला. रघूचं काय घेऊन बसलीस? करपला, करपला म्हणतात, आन परवा नारळाच्या झाडावर चढून शहाळी काढीत व्हता!"

ओटीवर वेगळंच चाललं होतं. म्हणजे काहीच चाललं नव्हतं. हैबतराव सुपारी कातरत होते आणि दिनानाथ कातरलेली खात होता.

"दिना, उद्या डावी पडली तर काय करशील?"

"तू सांगशील ते, दादा."

"आन उजवी पडली तर?"

"तू सांगशील ते."

हे उत्तर ऐकलं की एरवी हैबतरावांचं मन भरून यायचं. आज आलं नाही. बाप गेला तेव्हा दिना सात वर्षांचा, याच ओटीवर त्यांच्या मांडीवर झोपायचा. ऑपरेशननंतर हैबतराव मुंबईला बघायला गेले तर त्याच दिनाच्या नाकात नळी, पोटात नळ्या, आणि डोळे उघडे असून ओळख नाही. तिथून बाहेर पडून हैबतरावांनी इस्पितळाच्या जिन्यात बसून उलटी केली. कुणाला सांगितलं नाही. परत ते बघणं नको, एवढंच त्यांना हवं होतं. माणूस भ्यालेला होता. पण घरातल्या थोरल्याला भ्यायची सोय नसते, म्हणून ते देवभक्त झाले होते. तिन्हीसांजेला त्यांनी डोक्याला टोपी घातली आणि "जरा फेरी मारून येतो" म्हणून बाहेर पडले. कोनाड्यातला एक नारळही त्यांच्याबरोबर फेरी मारायला गेला.

रविवारी उजाडल्यावर शांती चंद्रावतीच्याच खुराड्यातला एक कोंबडा पदराखाली घेऊन देवळात पोचली. पुंडलिक गुरव अंगण झाडत होता.

"या वयनी," तो म्हणाला. "तुम्हीच राहिल्या व्हत्या."

"म्हंजे?"

"काल सांजचं थोरले मालक येऊन गेले. नारळ घेऊन. डावी पडू दे म्हणाले."

शांती पायरीवर बसली. आधी तिला हसू आलं. तीन-तीन तास पूजा करणारा माणूस, देवीच्या नावानं घरदार हलवणारा, आणि अंधारात टोपी घालून गुरवाकडे वशिला लावायला! मग आपल्या पदराखाली काय फडफडतंय ते तिला आठवलं.

"आन तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणनार? नारळ घेतला."

"हा कोंबडा घ्या. मागच्यासारखं करा. पुंडलिकभाऊ, तुमच्या पाया पडते. उद्या तिथं नाय पोचलो तर डॉक्टर हात वर करतील."

पुंडलिकनं कोंबड्याकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. "थांबा वयनी. अजून एक जण येऊन गेला. आता झुंजुमुंजूला. काठी टेकत, पाय वढत."

"कोण?"

"दिनूभाऊ."

"हे? हे कशाला आले व्हते?"

"सगळे कशाला येतात?" पुंडलिक केरसुणीच्या काड्या जुळवत राहिला. "डावीच मागितली त्येनी पण. म्हणाले, मी नको म्हणलो तर शांती ऐकायची नाय, मालू ऐकायची नाय. देवी नाय म्हणाली तर ऐकतील."

शांतीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा संताप आला. दोन वर्षं, रोज सकाळी उठून त्या पोटावरची पिशवी सोडायची, धुवायची, भोवतीची कातडी पुसून कोरडी करायची, नवी चिकटवायची, गळते का ते बघायचं. आणि या माणसानं आपल्याला एका शब्दानं न विचारता मरायचं ठरवलं. तेही तोंडानं नाही. गुरवाच्या हातानं. तिला इतकं एकटं ऑपरेशनच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"दोन डाव्या, एक उजवी," पुंडलिक म्हणाला. "तुम्हीच सांगा, मी काय करू? मागच्या वेळेपासून मला नीट झोप नाय वयनी. देवीच्या पुढ्यात मी खोटी पाकळी पाडली. तो जगला म्हणून माझं निभावलं. ह्या वेळेला मी कुणाचंच ऐकायचो नाय. दोन्ही पाकळ्या सारख्या भिजवणार. काय करायचं ते ती करील."

"पुंडलिकभाऊ..."

"कोंबडा परत न्या. थोरल्या मालकांचा नारळ पण मी धाडून देतो."

सबंध आयुष्यात पुंडलिक गुरवाला प्रामाणिकपणा एकदाच सुचला, आणि तो नेमका आज सुचायचा होता. शांतीनं कोंबडा नेऊन खुराड्यात सोडला आणि चहाला बसली. दिनानाथ समोर बसून बशीनं चहा पीत होता. दोघं एकमेकांशी साखरेबद्दल बोलले.

दहा वाजता सगळे देवळात बसले. पुंडलिकनं ठरवल्याप्रमाणे केलं. किंवा जरा जास्तच केलं. दोन्ही पाकळ्या त्यानं तांब्यात इतक्या बुचकळल्या की पाषाणावरून पाण्याचे ओघळ आले. मग त्यानं गाऱ्हाणं घातलं, "आई काळकाई, दिनानाथला लाईट द्यायला मुंबैला न्यायचा म्हणतात. न्यावा तर उजवी दे, नको तर डावी दे. तुझी लेकरं हायत, सांभाळ." आणि तो मागे सरून बसला.

पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. हैबतराव डावीकडे बघत होते, शांती उजवीकडे. चंद्रावती घराच्या दिशेनं बघत होती, कारण ती निघताना जाळ करून मडकं ठेवून आली होती.

"लवकर पडती तर बरं," ती पुटपुटली. "शेंगा करपतील."

"करपू द्या," गोदूबाई म्हणाली. "मीठ बरोबर हाय ना तुमचं?"

"मोठे काका, वारा घालू का?" मालूनं विचारलं. तिचा स्वर असा, की तिला सातवीपासून या घरात तोंडाळ का म्हणतात ते कळावं.

"गप बस. देवीचा इचार चाललाय."

पाऊण तास देवीचा विचार चालला. दिनानाथ खांबाला टेकून बसला होता. त्याला मागे जाऊन पिशवी रिकामी करायला हवी होती, मघापासून हवी होती, पण आपण उठलो आणि तेवढ्यात उजवी पडली तर? म्हणून तो बसून राहिला. मरणाचं त्याला एवढं काही वाटत नव्हतं. तीस वर्षं रोह्याच्या कंपनीत तिन्ही शिफ्ट केल्या, मुलगी शिकली, झालं. त्याला एकाच गोष्टीची लाज वाटायची. एकदा शांती न्हाणीघरात त्याची पिशवी धुताना रडत होती, आणि त्यानं दाराबाहेर उभं राहून ते ऐकलं होतं. बाहेर आली तेव्हा ती हसून म्हणाली, साबण गेला डोळ्यात. त्या दिवसापासून त्याच्या मनात एकच होतं, हिला सोडवायचं. पण नको म्हणायचं कसं? जन्मात कुणाला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. भावाला नाही, साहेबाला नाही. म्हणून त्यानं ते काम देवीवर सोपवलं होतं, आणि देवी चालढकल करत होती.

मांडीला ऊन ऊन लागलं तेव्हा त्याला कळलं. पिशवीची कड सुटली होती. लेंगा भिजला, खालची फरशी भिजली.

"अगो बाय! देवळात!" चंद्रावती उठून उभी राहिली.

शांती तिच्या आधी उठली होती. तिच्या खांद्याच्या पिशवीत नवी पिशवी, फडकं, सगळं असायचंच. ती त्याच्यापुढे गुडघ्यावर बसली आणि सदरा वर करायला हात घातला. दिनानाथनं तिचं मनगट धरलं.

"राहू दे आता," तो हळू म्हणाला. "किती दिवस करशील? राहू दे."

शांतीनं त्याच्याकडे पाहिलं. मग तिनं मनगट सोडवलं, उठली आणि सरळ गाभाऱ्याकडे चालायला लागली. गाभाऱ्याचा उंबरा बायकांनी ओलांडायचा नाही, हे गावात पोरीबाळींनाही ठाऊक. पुंडलिक "वयनी, वयनी" म्हणेपर्यंत ती आत होती. तिनं देवीच्या उजव्या खांद्यावरची पाकळी दोन बोटांनी उपटली आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर धरली.

"ही उजवी."

"शांती!" हैबतराव ओरडले. "देवीला हात लावलास?"

"लावला. मागल्या वेळेला पुंडलिकभाऊंच्या हातानं लावला व्हता, आज आपल्या हातानं लावला. ती उजवी पण माझीच व्हती, भावजी. एक कोंबडा पडला तिला."

"पाप! अगो, देवीच्या नावानं असलं..."

"आन तुमचा नारळ?"

हैबतरावांनी पुंडलिककडे पाहिलं. पुंडलिक देवीकडे बघत होता. चंद्रावती नवऱ्याकडे बघत होती, कारण कोनाड्यातला नारळ तिनं सकाळी सगळीकडे शोधला होता.

"आन ह्यांनी काय दिलं, पुंडलिकभाऊ?" शांतीनं विचारलं. "डावी पाडायला?"

"काय नाय," गुरव पुटपुटला. "नुसते हात जोडले."

हैबतराव भावाकडे वळले. "तू पण?"

"तू पण, दादा?" दिनानाथ म्हणाला.

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मग हैबतराव मटकन खाली बसले, तिथंच, ओल्या फरशीजवळ. "मी भ्यालो रं," ते म्हणाले. "तुला त्या नळ्यांत परत बघवायचा नाय मला. मी भ्यालो. ती झडती पण मीच बंद केली. मीच म्हणलो, रिकामं घर..." आणि सत्तरीचा तो माणूस टोपी तोंडावर धरून रडायला लागला. दिनानाथनं हात लांब करून भावाच्या पाठीवर ठेवला.

शांतीला आज कुणाचीच दया येत नव्हती. ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

"तुम्हाला नाय म्हणायचंय ना? मग देवीच्या तोंडून कशाला? माझ्या तोंडावर म्हणा. शांती, मी येत नाय, मी मरतो, तू बघत बस. म्हणा."

"तू दमलीस गो."

"दमलेच. रोज दमते. रोज सकाळी वाटतं, ती मेली पिशवी खिडकीतून फेकून द्यावी. रडते पण. आन मग बदलते. म्हणून तुम्ही मला सुट्टी देणार? मी मागितली व्हती सुट्टी?"

"डॉक्टर खात्री देत नाय."

"मी पण देत नाय. पाच आठवडे लाईट घ्यायची, मग बघू. नसेल जमत तर नसेल. पण मला न इचारता जायचं नाय. म्हणा आता काय म्हणायचं ते."

बाप नाही म्हणाला तर आई यापुढे काही बोलणार नाही, हे मालूला त्या क्षणी कळलं. तेवढी मोकळीक आईनं त्याला दिली होती, खरोखर दिली होती.

दिनानाथनं तोंड उघडलं. उघडलं, आणि समोरच्या बाईकडे बघत राहिला. तिचे हात साबणानं फाटलेले होते. त्यानं तोंड मिटलं. बाजूला पडलेलं फडकं घेतलं आणि जमेल तेवढी फरशी आपली आपण पुसायला लागला.

"मालू," फरशीकडे बघतच तो म्हणाला, "उद्या किती वाजता निघायचं?"

"पाचला, बाबा."

"मग आईला सांग, पाच आठवड्यांच्या पिशव्या लागतील. आजच भरून ठेव म्हणावं."

"तिला काय सांगायचं?" शांती त्याच्यासमोर खाली बसली आणि तिनं त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "तिनं गुरुवारीच भरल्यात."